शौक त्यांचा, पाटल्या आमच्या



गेल्या रविवारी बस्तीतून बाहेर पडताना चौघींनी मला पायरीवरच धरलं. "अक्का, धाकटा पुण्यात जुनी पोर्शे घेतोय म्हणे, खरं का?" मी हो म्हटलं. मग जे सुरू झालं ते मी रिक्षात बसेपर्यंत थांबलं नाही. एकीला 'जुनी' या शब्दाचीच लाज वाटली. दुसरीला कल्याणीनगर आठवलं. तिसरी म्हणाली, "जाऊ दे हो, गाडी म्हणजे पुरुषांचा विषय, आपण कशाला पडायचं त्यात?" पहिल्या दोघींशी माझं भांडण लहान आहे. तिसरीशी मोठं आहे.

लहान भांडणं आधी मिटवते. मी १९८१ ची बी.कॉम. घसारा काय असतो ते मला परीक्षेत आलं होतं. नव्या गाडीची किंमत सगळ्यात जास्त पडते ती पहिल्या काही वर्षांत, आणि ती पहिल्या मालकाच्या नावे पडते. लग्नाच्या हॉलसमोर सात वर्षांच्या कर्जावरची नवी मोठी गाडी हार घालून उभी केली की आपण ओवाळतो. हप्ता किती, हे कुणी विचारत नाही. चौदा वर्षांची गाडी साठवलेल्या पैशातून घेतली की मात्र पोरगं वाया गेलं!

कल्याणीनगरचं म्हणाल तर १९ मे २०२४ ला तिथे दोन तरुण अभियंते गेले, त्यांच्या आयांचं दुःख मी शब्दांत मांडू शकत नाही. पण ती गाडी जुनी नव्हती, नवी होती. तिची कायमची नोंदणी झाली नव्हती आणि किल्ली अल्पवयीन मुलाच्या हातात होती. मला त्यातून कळलं ते एवढंच, की गाडी दारात यायच्या आधी घरातल्या कुणीतरी कागद बघायचे असतात आणि किल्ली कुणाकडे राहणार ते ठरवायचं असतं. माझा मुलगा एकेचाळीस वर्षांचा आहे म्हणून मला शांत झोप लागते असंही नाही. दोन माणसांच्या बॉक्स्टरला २५५ अश्वशक्ती कशाला लागते, हे मला अजून पटलेलं नाही.

आता तिसरीकडे वळते.

चार वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने अशीच एक स्पोर्ट्स कार घेतली. दुकानातून नव्हे. अशा गाड्यांच्या शौकिनांची एक मंडळी असते. रविवारी पहाटे घाटात जमतात, चहा पितात, एकमेकांच्या इंजिनांचे आवाज ऐकतात. त्यातल्याच एकाकडून घेतली, २८ लाखांना. "आपल्यातलाच माणूस आहे," हे एकच वाक्य त्याने घरात दहा वेळा म्हटलं. सहा लाख कमी पडत होते. बायकोच्या पाटल्या आणि तोडे बँकेत गेले. तिने सही केली. काय विचारलंस, असं मी तिला नंतर म्हटलं, तर ती म्हणाली, "काकू, गाडीतलं मला काय कळतंय?"

गाडीतलं कळायची गरजच नव्हती गं! आरसी बुकावर बोजा होता, तो वाचायचा होता. आधीच्या मालकाचं कर्ज सात लाख शिल्लक होतं. बँकेचं ना हरकत पत्र "पुढच्या आठवड्यात" येणार होतं, ते आलंच नाही. गाडी पुदुच्चेरीच्या नंबरची होती. तिकडे कर कमी म्हणून अशा कित्येक महागड्या गाड्या तिथे नोंदल्या गेल्या. "सगळे चालवतात, तूही चालव," असं मंडळीने सांगितलं. कायदा सांगतो की दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि नंबर म्हणजे इथला कर. चौदा महिने ती गाडी कापड पांघरून पार्किंगमध्ये उभी होती. शेवटी सातातले चार लाख पुतण्यानेच भरले. मंडळीतला एकही जण वर्गणी काढायला आला नाही. 'आपल्यातलाच' हा शब्द आपल्याला काही नवा नाही. आपल्यातलाच चेअरमन म्हणून पतसंस्थेत ठेवी ठेवल्या आणि मग व्याज सोडा, मुद्दलासाठी खेटे घातले, अशा किती जणी हे वाचताय?

म्हणून मी मुलाला सांगितलं, इसार द्यायच्या आधी कागद माझ्यासमोर मांड. तो हसला, पण मांडले. आरसीवर बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म. मालकी बदलायला २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर २८, म्हणजे तिथल्या आरटीओची ना हरकत. विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवस. ते केलं नाही आणि गाडी ठोकली, तर आपल्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. 'नो क्लेम'ची सवलत विकणाऱ्याबरोबर जाते, आपल्याला मिळत नाही. "थोडी रक्कम रोख द्या" म्हणाला तर तिथेच उठायचं. २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे, आणि देणाऱ्याच्या हातात पावती नसते. ज्यांच्या घरातली गाडी विकायची असेल त्यांनीही ऐका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं, अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक. पैसे मिळाले म्हणून सुटलो असं नाही.

यातलं इंजिनाचं काय आहे, सांगा बघू? घराचं खरेदीखत वाचणारी बाई हे वाचू शकते.

शौकीन मंडळी सगळीच तशी, असंही मी म्हणणार नाही. मुलाने ठरवलेल्या गाडीचा मालक मी पाहिला. त्याने फाइल पुढे केली. २०११ पासूनचं प्रत्येक बिल, तारखेने आणि किलोमीटरने लावलेलं. आमच्या पेढीच्या मुनीमजींनीही मान डोलावली असती. टायरच्या कडेला चार आकडे असतात, आठवडा आणि साल, ते त्याने स्वतः वाकून दाखवले आणि टायर जुने झालेत असं आपणहून सांगितलं. मुलाने सांगितलं की या जातीच्या आधीच्या, साधारण २००८ पर्यंतच्या गाड्यांच्या इंजिनात एक लहानसं बेअरिंग असे, ते तुटलं की अख्खं इंजिन जाई. २००९ पासूनच्या इंजिनात तो भागच नाही. हे ज्ञान शोरूममधल्या टाय लावलेल्या मुलाकडे नसतं, या मंडळीकडे असतं, हे मी मान्य करते. तिऱ्हाईत मेकॅनिककडे संगणक लावून तपासू का, असं विचारल्यावर तो मालक म्हणाला, "काकू, जरूर." पुतण्याच्या वेळचा माणूस याच प्रश्नावर रागावला होता.

मग मी वहीत मांडलं. किंमत ३० लाख. मुदत ठेवीत सात टक्क्यांनी वर्षाला २,१०,००० मिळाले असते. विमा ५५,०००. देखभाल, कमीत कमी, १,२५,०००. टायरचा जोड दोन लाखांचा, चार वर्षांत वाटला तर ५०,०००. झाले ४,४०,०००. वर्षाला तो दोन हजार किलोमीटर चालवणार. म्हणजे किलोमीटरला २२० रुपये, पेट्रोल वेगळं. पुण्याहून कोल्हापूरला जाऊन यायचं तर ४६० किलोमीटर, एक लाख एक हजार दोनशे. "आई, हिची किंमत पडत नाही," तो म्हणाला. पंधरा वर्षं भरत आली, आता नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, हे मी खाली लिहिलं. त्याने वही बघितली, सुनेनेही बघितली. सून म्हणाली, "परवडतंय, पण माझ्या एफडीला हात लावायचा नाही." बस. मला एवढंच हवं होतं. घ्यायची की नाही ते त्यांनी ठरवावं, पण दोघांनी.

एक गोष्ट राहिली, ती मला सुटलेली नाही. गाडीच्या सीटा चामड्याच्या आहेत. मुलगा म्हणतो, जुनी आहे, आपल्यासाठी नवा जीव गेला नाही. मी म्हटलं, बाळा, पहिल्या मालकाला तू दिलेले तीस लाख मिळणार आणि त्यातून तो नवी गाडी चामड्याच्या सीटसकट घेणार. पुढच्या खरेदीला तू भांडवल पुरवतोस. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पण मग त्याने माझ्या अंगावरच्या लग्नातल्या रेशमी साडीकडे बघितलं, आणि माझ्याकडेही नव्हतं. सीटा कापडाच्या करून घेईन म्हणतोय. मी अजून त्या गाडीत बसलेली नाही. रेशीमही मी नवं घेत नाही, पण जुनं नेसते, हे लपवून काय करू?

परिग्रहाचं व्रत आठवून देणाऱ्या मैत्रिणींना एवढंच. परिमाण आकड्यात बांधायचं असतं. आकडा माहीत नसलेल्या बाईने कशाचं परिमाण बांधायचं?

सध्या व्यवहार अडलाय. मालकाचं कर्ज फिटलं आहे, बँकेचं पत्रही आहे, पण आरसीवरचा बोजा उतरलेला नाही. तो उतरेपर्यंत इसार नाही, असं मी सांगितलंय. मुलगा म्हणाला, "आई, ते नाराज होतील." मालकाने आरटीओला अर्ज टाकला आणि पंधरा दिवस मागितले.

पुतण्याच्या बायकोच्या पाटल्या मागच्या महिन्यात सुटल्या. तोडे अजून आत आहेत. तुमच्यापैकी कुणाच्या घरात अशा इसाराची बोलणी चालली असतील तर आरसीची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे या. चार ते साडेपाच मी मोकळी असते, नंतर सूर्यास्ताआधीच्या जेवणाची गडबड असते.