डेअर, डी, डास आणि आपलं कोकरू

बारावीचा निकाल लागला की होस्टेलमधल्या शिरूर-दौंडकडच्या पोरांचे फोन वाजायला लागतात. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या माणसाला जगातल्या सगळ्या कोर्सची माहिती असते, अशी गावाकडे एक ठाम समजूत आहे. मामाचा मुलगा, शेजारच्या काकूंची मुलगी, कोणी ना कोणी विचारतंच, "दादा, फॉरेन लँग्वेजमध्ये बी.ए. करायचंय, कोणती घेऊ?" आणि मेसच्या रांगेतून, ताट हातात धरून, उत्तर जातं, "जर्मन घे, स्कोप आहे."

मित्रांनो, या अर्ध्या मिनिटाच्या उत्तरावर समोरच्याची तीन-चार वर्षं जाणार असतात. तेव्हा जरा थांबून बोलू.

जर्मनला स्कोप आहे हे खोटं नाही. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आहेत. २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पण फिटर, इलेक्ट्रिशियन, नर्स म्हणून तिकडे जायचं असेल, तर लागतं ते हातातलं कसब आणि ए१, ए२, बी१, बी२ या पायऱ्यांपैकी ठरावीक पायरीचं सर्टिफिकेट. ते दुसरं शिक्षण सांभाळून होतं. आपल्याकडचे काही जण शनिवार-रविवार क्लासला पळतात ते त्यासाठीच. बी.ए. जर्मन हे प्रकरण वेगळं आहे. तिथे भाषा हाच विषय असतो आणि पुढचं कामही भाषेचंच : शिकवणं, भाषांतर, दुभाषाचं काम, संशोधन. ज्याला नुसतं जर्मनीला जायचंय त्याला तीन वर्षं कादंबऱ्या आणि कविता वाचायला लावणं म्हणजे त्याचा छळ आहे. (कवितेचाही!)

दुसरी सवय म्हणजे कंपनीची पाटी बघून भाषा ठरवणं. आपल्या शिरूर तालुक्यातलं रांजणगावच घ्या. एलजी कोरियन, हायर चिनी, कॅरारो इटालियन. एका एमआयडीसीत तीन देश! शिरूरच्या पोराने काय तिन्ही भाषा शिकायच्या? शिवाय पाट्या बदलतात. तळेगावला जनरल मोटर्सने २०२० च्या डिसेंबरमध्ये उत्पादन बंद केलं, आणि २०२३ मध्ये तो कारखाना घ्यायचा करार ह्युंदाईने केला. अमेरिकन गेले, कोरियन आले. डिग्री मात्र अशी मधेच बदलता येत नाही राव.

आता खऱ्या भीतीबद्दल. मराठी मीडियमच्या पोरांना वाटतं, आधीच इंग्रजीत धडपड, त्यात तिसरी भाषा कुठे झेपणार? मला हे अजिबात पटत नाही. जर्मनच्या पहिल्या तासाला कॉन्व्हेंटमधला आणि न्हावऱ्याचा पोरगा एकाच रेषेवर उभे असतात. पुस्तकातल्या सूचना इंग्रजीत असतात, तेवढा त्रास होतो. तो पहिल्या सेमिस्टरचा पाहुणा. उलट न्हावऱ्याच्या पोराकडे एक माल जास्त असतो. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं, डेअर, डी नाहीतर डास. (हा डास चावत नाही, रडवतो.) इंग्रजीवाल्याला हे नवीनच. हिंदीवाल्याकडे दोनच लिंगं. आपल्याकडे तो, ती, ते अशी तीनही आहेत! 'मेडशेन' म्हणजे मुलगी, आणि ती नपुंसकलिंगी कशी, म्हणून बाकीचे डोकं धरून बसतात. आपण घरी काय म्हणतो? ते पोरगं, ते लेकरू, ते कोकरू, ते वासरू. लहानग्याला नपुंसकलिंगात घालायची खोड त्यांनाही आहे आणि आपल्यालाही. शब्दागणिक लिंग जुळत नाही, ते पाठच करावं लागतं. पण कल्पना आईच्या दुधाबरोबर आलेली असते.

जपानीचं तर आणखी भारी. क्रियापद शेवटी, आणि प्रत्यय नामाच्या मागे. 'पुण्याहून दौंडपर्यंत' याला जपानीत 'पुने कारा दाउंदो मादे'. शब्द बदलले, क्रम तोच राहिला. कोरियनचंही वाक्य असंच चालतं, आणि समोरचा वडीलधारा असेल तर क्रियापद बदलतं, जे तू-तुम्ही-आपण करणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कोरियन लिपीची मूळ अक्षरं २४. जपानीत मात्र रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजीच २,१३६ आहेत. ज्याला रोज तासभर तेच तेच गिरवायचा कंटाळा आहे, त्याने कितीही ॲनिमे बघितले असले तरी जपानी घेऊ नये.

भाषा ठरली की पोरं सुटतात. पेपर कोणते, हे कोणी बघतच नाही. पहिलं वर्ष सगळीकडे सारखंच असतं, व्याकरण, वाचन, ऐकणं, बोलणं. खरा फरक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात. एखाद्या ठिकाणी साहित्य आणि इतिहास जास्त, कुठे भाषाविज्ञान, कुठे भाषांतर. दिल्लीचं जेएनयू, हैदराबादचं इफ्लू, आपलं रानडे इन्स्टिट्यूट, जिथे जायचं तिथला सिलॅबस शेवटच्या सेमिस्टरपासून उलटा वाचावा. जेएनयूला २०२२ पासून सीयूईटीतून प्रवेश आहे, त्यामुळे तिचे पेपरही आधीच बघून ठेवावेत. आणि शून्यापासून एका वेळी एकच भाषा. फ्रेंच आणि स्पॅनिश बरोबर सुरू केल्या तर दोन्हींची खिचडी होते, तीही मेसची.

नव्या धोरणात मेजरबरोबर मायनर विषय असतो. तो 'सोपा' म्हणून कुठलातरी घेण्यापेक्षा मिळत असेल तर मराठी किंवा भाषाविज्ञान घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. यावर पोरं हसतात. मराठी काय शिकायची, ती येतेच की! येते म्हणजे बोलता येते. जर्मन करारातलं एक कलम कोणाला तरी सरळ मराठीत लिहायला सांगा, मग कळेल.

हे काम किती मोठं आहे ते बघायला लांब जायला नको. दौंड-पुणे गाडीने रोज अप-डाउन करणाऱ्यांना केडगाव स्टेशन पाठ आहे. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणलं. लहानपणी आई-वडिलांकडून संस्कृत शिकलेल्या या बाईंनी या दोन भाषा मोठेपणी, मिशनचा सगळा पसारा सांभाळून शिकल्या. आधीचं मराठी बायबल होतंच, पण त्यांना ते साध्या बायकांना कळेल अशा मराठीत हवं होतं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि पूर्ण पुस्तक १९२४ मध्ये निघालं. धर्माचा भाग बाजूला ठेवला तरी भाषा निवडायची ही पद्धत बघण्यासारखी आहे. आधी काय वाचायचंय आणि कोणासाठी, हे ठरलं. त्यावरून भाषा ठरल्या.

तेव्हा येत्या जूनमध्ये फोन आला, तर "जर्मन घे" म्हणायच्या आधी समोरच्याला दोन गोष्टी विचारा. कामासाठी परदेशी जायचंय की भाषेतच काम करायचंय? आणि रोज तासभर द्यायची तयारी आहे का? मग त्याला कॉलेजच्या ऑफिसात एक प्रश्न विचारायला पाठवा : भाषांतराच्या पेपरला मराठीत उत्तर लिहिलं तर चालतं का? खिडकीतले क्लार्क बहुधा चष्मा वर करून बघतील. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नको म्हणावं.