निळी रेषा कोणाच्या दारातून जाते?

गेल्या उन्हाळ्यात मुठेकाठच्या आमच्या वस्तीत रंगाचे डबे आले. रस्त्याकडच्या लांब भिंतीवर 'नदीचा इतिहास' रंगवायचा असे ठरवूनच ती मंडळी आली होती. हातात छापील चित्र होते. दगडी घाट, घाटावर पणत्या, नऊवारीतली एक बाई, एक मोर, आणि सगळ्यात खाली पट्टीने आखल्यासारखी शांत निळी नदी. वस्तीतल्या पोरांनी ब्रश हातात घ्यायचे आणि आधीच आखलेल्या चौकटींत रंग भरायचा. याला ते लोकसहभाग म्हणत होते.

आमच्यातली एक मावशी बराच वेळ ते चित्र बघत राहिली. मग म्हणाली, "पाणी एवढं खाली कुठं असतं?"

त्या एका प्रश्नावर ते काम थांबले. पुढे जे झाले त्याबद्दल आम्हाला इथे लिहायचे आहे, कारण नदीवर चित्र काढणे ही आता पुण्यात निरुपद्रवी गोष्ट राहिलेली नाही. ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचे काम सुरू आहे. काठ 'सुंदर' करायचे आहेत. आणि काठ सुंदर करताना तिथे राहणारा माणूस चित्रात बसत नाही, हे साबरमतीने दाखवून दिले आहे. अहमदाबादमध्ये नदीकाठच्या दहा हजारांहून अधिक कुटुंबांना उठवून शहराच्या कडेला नेऊन टाकले गेले. तो काठ ज्यांनी आखला त्यांच्याकडेच पुण्याच्या काठाचे आराखडे आहेत. त्यामुळे मोर दिसला की आम्ही बुलडोझर शोधतो. कोणाला हा संशयीपणा वाटेल. वाटू दे.

पुण्याला पुराचा इतिहास नाही असे नाही, भरपूर आहे. पण तो कोणाच्या तोंडून सांगितला जातो? १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. काम अपुरे होते, तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवले. भगदाड पडू लागले तेव्हा जवानांनी वाळूची पोती टाकून ते थोपवायचा प्रयत्न केला. धरण गेले, त्याच्या पाण्याने खाली खडकवासल्याचे जुने धरणही फुटले आणि शहर बुडाले. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती बावडेकरांचा अहवाल देण्याआधीच मृत्यू झाला, मग काम न्यायमूर्ती नाईकांकडे गेले. मृतांचा आकडा कुठे शेकड्यांत सापडतो, कुठे हजाराच्या घरात. एवढ्या मोठ्या शहरात किती माणसे मेली हे ठामपणे सांगता येत नसेल, तर न मोजलेली माणसे कोण असतील याचा अंदाज बांधायला संशोधक लागत नाही. ज्याचे नाव कोणत्याच यादीत नव्हते, तो वाहून गेल्यावर कोणत्या यादीतून कमी होणार?

दरवर्षी जुलैत पानशेतच्या आठवणी छापून येतात. कोसळलेले वाडे, भिजलेली पुस्तके, गाळाने भरलेली दुकाने, गच्चीवर काढलेली रात्र. या आठवणी खऱ्या आहेत, त्या दुःखाची थट्टा आम्ही करणार नाही. पण गच्ची असायला आधी वाडा लागतो. नदीला लागून ज्यांची पत्र्याची आणि कुडाची घरे होती, त्यांची आठवण कोणी विचारायला गेले नाही. ती आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिली आणि म्हाताऱ्यांबरोबर चालली आहे. पुढे गोखलेनगर, सहकारनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या, निसन हट आले, ओटे आले. पूरग्रस्त सोसायट्यांच्या मालकीहक्काचा प्रश्न पुढची कित्येक दशके अर्ज, निवेदने आणि आश्वासनांत फिरत राहिला. पानशेत एका दिवसात घडले असे ज्यांना वाटते, त्यांनी पूरग्रस्ताच्या घरातली कागदांची पिशवी एकदा उघडून बघावी.

तर मावशीच्या प्रश्नानंतर आम्ही ठरवले की भिंतीवर चित्र काढायचेच, पण पाणी जिथे आले तिथे दाखवायचे. वस्तीत गवंडीकाम करणारे दहाबारा जण आहेत. त्यांनी लेव्हलची नळी काढली. पारदर्शक नळीत पाणी भरायचे, एक टोक एकाने खुणेवर धरायचे, दुसरे टोक दुसऱ्याने पुढे न्यायचे. दोन्हीकडचे पाणी स्थिर झाले की पुढची खूण. मग लाइनदोरीला नीळ लावून झटका मारायचा. जुलै २०२४ ची खूण सोपी होती, कारण भिंतीचा पोपडा कुठपर्यंत गेलाय ते दिसतच होते. घरातल्या बायांनी कपाटाच्या दारावरचा डाग दाखवला, एकीने देव्हाऱ्याशेजारची बाबासाहेबांची तसबीर दाखवली, तिच्या काचेच्या आत अर्ध्यापर्यंत गाळाची ओळ आहे. तिने ती पुसलेली नाही. १९६१ ची खूण मात्र जमेना. तेव्हा सातआठ वर्षांचे असलेले एक आजोबा हात वर करून दाखवायला लागले, पण हात पुरेना. शिडी आणली, तीही पुरेना. शेवटी ते म्हणाले, "राहू द्या, भिंतच छोटी आहे."

इथपर्यंत सगळे उत्साहात होते. मग वाद झाला, आणि तो वादच या लेखाचे कारण आहे.

बचत गटातल्या एका ताईने सगळ्यांसमोर सांगितले की रेघ मारू नका. तिचे म्हणणे असे: आज आपण आपल्या हाताने लिहून देतोय की इथे पाणी येते. उद्या साहेब लोक याच रेघेचा फोटो काढून नेतील आणि म्हणतील, बघा, हे स्वतःच कबूल करतात की ही जागा राहण्यालायक नाही. "पाण्यानं एकदा घर नेलं. ही रेघ कायमचं नेईल."

ती चुकीचे बोलत नव्हती. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आतले क्षेत्र निषिद्ध, निळ्या-लालच्या मधले नियंत्रित. निषिद्ध हा शब्द आम्हाला नवा नाही. जो रंग आमच्या झेंड्याचा, आमच्या विहाराच्या भिंतीचा, त्याच रंगाच्या रेषेने आमचे घर बेकायदा ठरते, ही गंमत मात्र नवीन आहे. आणि सुरक्षिततेच्या नावाखाली घरे पाडणे ही कल्पनेतली भीती नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसे मेली. त्यानंतर ओढा सरळ करायचा म्हणून जून २०२१ मध्ये, कोरोना संपलेला नसताना आणि पाऊस तोंडावर असताना, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत घरे पाडली गेली. हाच आंबिल ओढा पूर्वी पेठांकडून वाहत असे. पेशवाईत तो वळवला, पेठा मोकळ्या झाल्या, आणि वळवलेल्या पाण्याच्या काठावर पुढे कष्टकऱ्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. पाणी कोणाच्या अंगणातून हलवायचे आणि कोणाच्या दारात न्यायचे, हा निर्णय या शहरात फार जुना आहे.

तीन संध्याकाळी आम्ही भांडलो. काही पोरे म्हणाली, रेघ सोडा, बाबासाहेबांचे चित्र काढू. काही म्हणाली, निसर्गाचे काढू, कोणी हात लावणार नाही. शेवटी ज्या गवंड्याच्या हातात नळी होती तो म्हणाला, रेघ आपल्या भिंतीपाशी थांबवतो कोण? पाण्याला वस्ती कुठे संपते ते कळत नाही. नळी पुढे न्या.

आमचे म्हणणे यापेक्षा जास्त काही नाही. पुराची रेघ फक्त वस्तीच्या भिंतीवर काढली तर तो वस्तीविरुद्धचा पुरावा होतो. तीच रेघ त्याच उंचीवर रस्त्यापलीकडे नेली, सोसायटीच्या कंपाउंडवर नेली, म्हात्रे पुलाकडच्या लग्नाच्या लॉनवर, नदीपात्रातून काढलेल्या रस्त्यावर, पात्रातच उभ्या केलेल्या मेट्रोच्या खांबांवर नेली, तर ती शहराविरुद्धचा पुरावा होते. मग प्रश्न बदलतो. तुम्ही नदीत का राहता, असे आम्हाला विचारणाऱ्याला आधी सांगावे लागते की नदीत खांब कोणी घातले, राडारोडा कोणी टाकला, पात्र अरुंद कोणी केले. लॉन आणि खांब 'विकास' आणि झोपडी 'अतिक्रमण', हा भेद पाणी करत नाही. तो नकाशा करतो.

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पक्क्या इमारतींत पाणी शिरले. तिथल्या मध्यमवर्गीयांचे हालही खरेच होते. त्यांच्या पुनर्विकासाची चर्चा थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली. जायलाच हवी. पण त्याच पहाटे डेक्कनला पुलाच्या वाडीत अंडाभुर्जीची हातगाडी पाण्यातून हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. टीव्हीवर दरवर्षीप्रमाणे एकच ओळ फिरत होती, भिडे पूल पाण्याखाली. भिडे पूल हा पुणेकरांचा पूर मोजायचा लाडका काटा आहे, त्यावर विनोदही होतात. पुलाची वाडी तिथून हाकेच्या अंतरावर आहे, ती कोणाच्या काट्यात नाही.

काही मित्र विचारतात, आंबेडकरी चळवळीने भिंती रंगवण्यात वेळ का घालवावा? आम्ही त्यांना दोन गोष्टी सांगतो. एक, लोकांमध्ये, लोकांनी, लोकांच्या जागेत करायची कला आपल्याला कोणी शिकवायला नको. सत्यशोधक जलसे होते, भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे होते. त्यांना रंगमंच नव्हता आणि तिकीट नव्हते, तरी गावेच्या गावे बदलली. दोन, पाणी हा बाबासाहेबांचा विषय महाडच्या तळ्यापाशी संपत नाही. १९४३ च्या दामोदरच्या पुरानंतर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातले मजूर मंत्री म्हणून दामोदर खोऱ्याच्या योजनेचे काम त्यांच्याकडे होते. ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकच्या परिषदेत ओडिशाच्या पुरांबद्दल बोलताना त्यांनी नुसते बांध घालून नदीला कोंडण्याच्या पद्धतीवर टीका केली. जास्तीचे पाणी हे संकट मानून समुद्राकडे हाकलू नका, ते साठवा आणि लोकांच्या कामाला लावा, असा त्यांचा रोख होता. पानशेत हेही धरणच होते, असे कोणी म्हणेल. होते. फुटले ते घाई केल्यामुळे, आणि खाली राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही म्हणून. बाबासाहेब नदीच्या पूर्ण खोऱ्याचा विचार करत होते. आम्हाला मात्र काठापुरती नदी दाखवली जाते, तीही दोन्ही बाजूंनी भिंती घालून, वर मोर काढून.

परदेशातले उदाहरण दिले की आपल्याकडे लगेच पटते, म्हणून तेही देतो. न्यूयॉर्कमध्ये २००७ साली इव्ह मोशर या कलावंत बाईने मैदानावर फक्की मारायचे यंत्र हाताने ढकलत शहराच्या रस्त्यांवर निळी रेघ ओढली. समुद्रसपाटीपासून दहा फुटांवर, जिथपर्यंत पुराचे पाणी येऊ शकते तिथून. लोक थांबून विचारायचे, ही काय करतेस? ती सांगायची. पाच वर्षांनी सँडी वादळ आले आणि पाण्याने स्वतःची रेघ ओढली. त्या कामातली आम्हाला आवडलेली गोष्ट ही की रेघ गरिबाचे घर आणि श्रीमंताचे ऑफिस निवडत बसली नाही, उंची सांगेल तशी गेली.

आमची रेघ मात्र फार लांब गेली नाही. वस्तीच्या भिंतीवरून ती रस्ता ओलांडून शेजारच्या सोसायटीच्या कंपाउंडवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे चुना मारलेला होता. चौकशी केली तर कळले की रेघ दिसली तर फ्लॅटचे भाव पडतील, असे सोसायटीच्या बैठकीत ठरले. चुना मारला तो रात्रपाळीच्या वॉचमनने. तो आमच्याच वस्तीत राहतो, त्याच्या घरात २०२४ ला कमरेएवढे पाणी होते. आम्ही त्याला काही बोललो नाही. त्याने स्वतःच सांगितले, चुन्यात नीळ थोडी जास्त घातलीय, पावसात वरचा थर गेला की दिसेल.

बचत गटातली ताई अजून पूर्ण तयार नाही. तिची अट आहे की वस्तीच्या भिंतीवर जितकी रेघ, तितकीच बाहेर दिसली पाहिजे, नाहीतर आतलीही पुसायची. अट आम्हाला मान्य आहे. रेघेखाली तारीख, धरणातून सोडलेले पाणी आणि त्या घरात राहणाऱ्यांची संख्या लिहायची, एवढे ठरले आहे. नावे लिहायची की नाही यावर अजून एकमत नाही.

१२ जुलैला रस्त्यापलीकडून पुढे सुरुवात करतोय. चित्र काढता येत नसले तरी चालेल. नळी धरायला दोन टोकांना दोन माणसे लागतात, आणि आमच्याकडे सध्या एकच बाजू भरलेली आहे.