कमी बोलणाऱ्या यंत्रांची भाषा

विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी 'स्मार्ट' प्रकल्पांची भर पडते. स्मार्ट कचरापेटी, स्मार्ट कुंडी, स्मार्ट पाण्याची टाकी. बहुतेकांच्या पोटात तोच वाय-फायचा स्वस्त बोर्ड असतो आणि बहुतेकांच्या मागून एक यूएसबीची वायर निघून भिंतीतल्या प्लगला लागलेली असते. त्या वायरीबद्दल परीक्षक काही विचारत नाहीत. माझ्या मते पहिला प्रश्न त्या वायरीबद्दलच विचारला पाहिजे.

वायर काढली तर काय होते, त्याचा हिशेब अकरावीचा कोणीही कॅडेट करू शकतो. वाय-फायचा बोर्ड सतत जागा राहिला तर साधारण ८० मिलिअँपिअर विद्युतधारा खातो. चांगल्या पेन्सिल सेलची क्षमता २५०० मिलिअँपिअर-तास धरली तर सव्वा दिवसात सेल संपला. आता दुसरे यंत्र घ्या. ते झोपेत ५ मायक्रोअँपिअर घेते आणि दर दहा मिनिटांनी सेकंदाचा विसावा भाग जागे होऊन २० मिलिअँपिअर खर्चून एक आकडा पाठवते. याची सरासरी ७ मायक्रोअँपिअरच्या आत येते. कागदावर हा सेल चाळीस वर्षे पुरतो! प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी सेल स्वतःच जुना होऊन बाद होईल, पण यंत्राने त्याला मारले असे होणार नाही.

कोणी म्हणेल, वाय-फायच्या बोर्डालाही झोपवता येते. येते ना. पण उठल्यावर त्याला राउटर शोधायचा, ओळख पटवायची, पत्ता मागायचा, आणि मग 'टाकी अर्धी भरली' एवढे सांगून पुन्हा झोपायचे. एक वाक्य बोलण्यासाठी अख्खा फॉल-इन. वाय-फाय वाईट नाही. मेसमधला टीव्ही आणि लॅबमधला कॅमेरा यांना तेच हवे, कारण त्यांना सतत भरपूर बोलायचे असते आणि प्लगही शेजारीच असतो. टाकीला दिवसातून शंभरदा एकेक आकडा सांगायचा आहे. तिच्यासाठी वेगळी मानके आहेत आणि ती आपल्याकडे जवळजवळ कोणी उघडून पाहत नाही.

त्यांतले पायाचे मानक म्हणजे आयईईई ८०२.१५.४. ते २००३ साली प्रथम प्रसिद्ध झाले. झिगबी त्याच्यावर उभे आहे आणि २०१४ मध्ये पुढे आलेले थ्रेडही. यात एका वेळचा निरोप जास्तीत जास्त १२७ बाइटांचा. एवढ्यात काय मावणार, असे वाटते. मला या विषयातला सगळ्यात आवडलेला भाग इथेच आहे.

इंटरनेटच्या नव्या पत्तापद्धतीत, म्हणजे आयपीव्ही६ मध्ये, नुसते पाकिटावरचे लिखाण ४० बाइटांचे असते. १२७ मधून रेडिओच्या चौकटीचे २५, सुरक्षेचे २१, हे ४० आणि यूडीपीचे ८ वजा केले की खऱ्या मजकुराला ३३ बाइट उरतात. पाकीट जड आणि चिठ्ठी हलकी. यावर सिक्सलोपॅन नावाच्या मानकाने उपाय काढला. ते २००७ मध्ये आले आणि त्यातली आटवण्याची पद्धत २०११ मध्ये सुधारली. एकाच हाऊसमधल्या मित्राला चिठ्ठी पाठवताना आपण शाळा, पोस्ट, जिल्हा, पिनकोड लिहीत नाही, पलंगाचा नंबर पुरतो. इथेही तेच आहे. आवृत्ती सहाच आहे हे दोघांना माहीत आहे, मग सांगायची कशाला? निरोपाची लांबी रेडिओच्या चौकटीवरून कळते. पाठवणाऱ्याचा पत्ताही तिथूनच काढता येतो. शेजारच्या यंत्राशी बोलताना ते ४० बाइट आटून २ वर येऊ शकतात. आपल्याला वायरलेसच्या तासाला शिकवतात, आधी ऐका, मग बोला, थोडक्यात बोला. हे मानक तेच पाळते. हवेत दुसऱ्याचा आवाज असेल तर यंत्र थांबते आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करते.

पल्ला लांबचा हवा असेल तर लोरा. हिच्यात लहरीची वारंवारता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जाते, पक्ष्याच्या शिळेसारखी, म्हणून गोंगाटातही ती ओळखू येते. मोकळ्या जागेत काही किलोमीटर सहज जाते. त्याची किंमत वेगात मोजावी लागते. भारतासाठीच्या आराखड्यात सगळ्यात संथ वेग सेकंदाला २५० बिट आहे, छोटा निरोप जायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो. टाकीला घाई नसते.

इथे एक सूचना, कारण हे प्रकार ऑनलाइन मागवले जातात. लोराचे मॉड्यूल ९१५ मेगाहर्ट्झचेही मिळते आणि कधी कधी तेच स्वस्त असते. ते अमेरिकेसाठीचे आहे. आपल्याकडे त्या पट्ट्याचा भाग मोबाइल सेवेकडे आहे. भारतात विनापरवाना वापरासाठी आधी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ एवढी जागा होती, २०२१ च्या नियमांनी ती ८६८ पर्यंत वाढवली. लोरावॅनच्या भारतीय आराखड्यातल्या तीन मूळ वाहिन्याही याच पट्ट्यात आहेत. उद्या ज्यांना गणवेशात सिग्नल सेट हाताळायचा आहे, त्यांनी आज परवानगी नसलेल्या वारंवारतेवर प्रकल्प चालवून बक्षीस घेऊ नये.

मानक कोणाच्या मालकीचे आहे, हा प्रश्न मला बॅटरीइतकाच महत्त्वाचा वाटतो. गावी काकांच्या द्राक्षबागेत मातीचा ओलावा मोजणारे यंत्र लावले होते. यंत्र शाबूत आहे, सेल चांगला आहे, पण विकणाऱ्या कंपनीने आपला सर्व्हर बंद केला आणि यंत्राला दुसऱ्या कोणाशी बोलताच येत नाही. काका आता पुन्हा मूठभर माती हातात दाबून पाहतात. मोठ्या प्रमाणावरही असे होऊ शकते. फ्रान्सच्या सिगफॉक्सने अनेक देशांत स्वतःचे जाळे उभारले होते. जानेवारी २०२२ मध्ये ती दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. सिंगापूरच्या युनाबिझने ती विकत घेतली, म्हणून ग्राहकांची यंत्रे मुकी झाली नाहीत. सिक्सलोपॅनचे दस्तऐवज मात्र कोणालाही फुकट वाचता येतात आणि त्यावरून कोणीही यंत्र बनवू शकतो. लोरा मधे कुठेतरी आहे. वरचा लोरावॅनचा भाग खुला आहे, पण खालची रेडिओची युक्ती सेमटेक या एका कंपनीची. स्वदेशी उपकरणांबद्दल आपण भाषणे ऐकतो आणि देतोही. तिथे हा फरक कोणी सांगताना मी ऐकलेला नाही.

खुले म्हणजे आपोआप सुरक्षित, असा मात्र समज नको. झिगबीच्या घरगुती उपकरणांत नव्या यंत्राला जाळ्यात घेताना जाळ्याची गुप्त किल्ली ज्या किल्लीने झाकून पाठवत, ती सगळ्या उपकरणांत एकच होती आणि जगजाहीर होती. नेमक्या त्या क्षणी जवळ ऐकत बसलेल्याला सगळे मिळत असे. पुढच्या झिगबी ३.० मध्ये प्रत्येक उपकरणासाठी वेगळ्या कोडची सोय आली. पण दस्तऐवज उघडे होते म्हणूनच बाहेरच्या लोकांना ही फट दाखवता आली, हेही खरे.

आमच्या इलेक्ट्रॉनिक्स क्लबपुढे मी एक प्रस्ताव ठेवला आहे आणि ज्युनिअर कॅडेटांनी त्याला पाठिंबा द्यावा, अशी विनंती आहे. पुढच्या प्रदर्शनात सेन्सरच्या प्रकल्पाला प्लग मिळू नये. तो दोन सेलवर महिनाभर आधीपासून चालू असावा आणि किती निरोप पोहोचले, किती हरवले, याची वही सोबत असावी. खोक्यावर मानकाचे नाव आणि वारंवारता लिहिलेली असावी. सर म्हणाले, आधी एक तरी करून दाखवा. पाण्याच्या टाकीपासून फिजिक्स लॅबपर्यंत दोन इमारती आणि निलगिरीची एक रांग आहे. ८६५ मेगाहर्ट्झची दोन मॉड्यूल क्लबच्या कपाटात पडून आहेत. आवाज पलीकडे पोहोचतो का, हे मोजायला एक रविवार पुरेल. वही धरायला आणि झाडांखालून चालायला दोघे जण हवे आहेत.