एक्सपीला घरात ठेवा, गावभर फिरवू नका

"चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?"

आपल्याकडच्या समस्त इंजिनियरिंगचं सार या एका वाक्यात आहे. लेथ असो, पाण्याचा पंप असो, नाहीतर ऑफिसच्या कोपऱ्यातला तो पिवळट पडलेला कॉम्प्युटर असो... जे बिनबोभाट चालतंय त्याला हात लावणारा माणूस वेडा ठरतो. आणि खरं सांगायचं तर मीही याच पंथातला. पोट सॉफ्टवेअरवर चालतं, त्यामुळे 'सुधारणा' या नावाखाली चालत्या गाड्याला खीळ कशी बसते ते रोज बघतो.

म्हणून आधीच सांगून टाकतो, अजून विंडोज एक्सपी वापरणाऱ्यांची टिंगल करायला हा लेख लिहीत नाहीये. एक्सपी आली २००१ मध्ये. ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट बंद केला. पण म्हणून ९ एप्रिलपासून तिची बेरीज चुकायला लागली, असं काही झालं नाही. सॉफ्टवेअरला गंज चढत नाही. समजा एखाद्या वर्कशॉपमध्ये पत्रा कापायचं मशीन एक्सपीवर चालतंय, त्याच्या कंट्रोल कार्डाचा ड्रायव्हर फक्त एक्सपीसाठीच लिहिलेला आहे आणि नवीन मशीन म्हणजे काही लाखांचा खड्डा आहे. तर मालकाने एक्सपी खुशाल ठेवावी. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

माझं भांडण एवढंच आहे की तिला नेटवर्कवर मोकळी सोडू नका.

यावर लगेच उत्तर येतं, "अहो, त्यात काय एवढं? बाकीचं सगळं जुनं चालतं, मग नेटवर्कचं का नाही?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की नेटवर्किंगचं सॉफ्टवेअर हा कॉम्प्युटरमधला एकमेव भाग आहे जो परक्याचं ऐकतो. तुमचा वर्ड प्रोसेसर तुमच्या बोटांचं ऐकतो. पत्रा कापायचा प्रोग्रॅम ऑपरेटरचं ऐकतो. पण फाइल शेअरिंगचा प्रोग्रॅम पोर्ट ४४५ वर कान लावून बसलेला असतो आणि त्या वायरीवरून जो कोणी बोलेल त्याचं वाक्य समजून घ्यायचा प्रयत्न करतो. तुम्ही लॉगिन केलेलं नसलं तरी. एक्सपीत हे काम थेट कर्नलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या देवघरात चालतं. त्या वाक्याने याचा गोंधळ उडवला की समोरचा सरळ देवघरातच!

आता एक्सपी बोलते कोणती भाषा? फायलींच्या देवाणघेवाणीसाठी तिला एसएमबीची पहिली आवृत्तीच येते. मूळ एसएमबी आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी १९८३ च्या सुमारास तयार केली. त्या काळी नेटवर्क म्हणजे एका ऑफिसातली चार टेबलं, आणि त्या वायरीवर जो आहे तो आपलाच माणूस, असा सगळा मामला. दुसरी आवृत्ती व्हिस्टाबरोबर आली, ती एक्सपीला कधीच मिळाली नाही. म्हणजे एक्सपीला नेटवर्कवर ठेवायचं तर समोरच्यालाही तीच जुनी भाषा बोलावी लागते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अशा कानांचं काय होतं ते २००३ मध्येच दिसलं होतं. मायक्रोसॉफ्टने १६ जुलैला एक पॅच दिला, ११ ऑगस्टला ब्लास्टर नावाचा वर्म सुटला. 'साठ सेकंदांत कॉम्प्युटर बंद होईल' अशी खिडकी आणि खाली उलटे मोजले जाणारे आकडे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे आठवत असेल. कुणीही काही क्लिक केलं नव्हतं. कॉम्प्युटर नुसता नेटला जोडलेला होता, बस्स. त्यानंतर ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ मध्ये फायरवॉल आपोआप चालू राहायला लागला. पण गंमत बघा, फाइल शेअरिंग चालू केलं की हाच फायरवॉल आजूबाजूच्या नेटवर्कसाठी तेवढं दार उघडून देतो. नाहीतर शेअरिंग चालणार कसं?

मग आलं २०१७. एसएमबीच्या याच पहिल्या आवृत्तीतलं एक भोक अमेरिकेच्या एनएसएला माहीत होतं आणि त्यांनी त्यावर हत्यार बनवून ठेवलं होतं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला पॅच काढला. एप्रिलमध्ये शॅडो ब्रोकर्स या टोळक्याने ते हत्यार जगजाहीर केलं. आणि १२ मे रोजी वॉनाक्राय सुटला. दीडशेच्या आसपास देश, दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २३६ पैकी किमान ८१ ट्रस्टचं काम विस्कळीत झालं. रद्द झालेल्या ६,९१२ अपॉइंटमेंटची नोंद मिळाली, आणि एकूण अंदाज १९ हजारांच्या वरचा होता. पाच भागांतल्या रुग्णांना तातडीच्या उपचारासाठी दूरच्या हॉस्पिटलला जावं लागलं.

त्या वेळी सगळीकडे एकच ओरड झाली: एक्सपीमुळे झालं! इथे मात्र मी एक्सपीचं वकीलपत्र घेणार आहे. नंतर कॅस्परस्कीने आकडे काढले तेव्हा बाधित कॉम्प्युटरपैकी तब्बल ९८ टक्के विंडोज ७ चे निघाले. एक्सपीवर तो वर्म नीट चालतच नव्हता. बऱ्याचदा निळा स्क्रीन येऊन मशीन कोसळायचं आणि वर्मही तिथेच आडवा. विंडोज ७ ला तेव्हा सपोर्ट होता, पॅच दोन महिने आधी आलेला होता, लोकांनी तो लावला नव्हता.

मग एक्सपी निर्दोष सुटली का? नाही. विंडोज ७ वाल्याला निदान पॅच लावण्याचा पर्याय होता. एक्सपीवाल्याला १२ मेपर्यंत तो पर्यायच नव्हता. हल्ला सुरू झाल्यावर मायक्रोसॉफ्टने अपवाद करून एक्सपीसाठी पॅच खुला केला. मे २०१९ मध्ये दुसऱ्या एका भोकासाठी पुन्हा तसंच केलं. दोन्ही वेळा कंपनीला दया आली म्हणून. 'सपोर्ट नाही' याचा व्यवहारातला अर्थ हाच. आज काही बिघडलेलं नसतं, पण ज्या दिवशी भोक सापडेल त्या दिवशी बुजवायला कोणी बांधील नसतं. आणि दुसऱ्याच्या दयेवर वर्कशॉप चालवायचं नसतं.

"म्हणजे शेवटी अपडेट करा, एवढंच ना?" थांबा. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या सुटला. आपल्या न्हावाशेव्यापर्यंत त्याची झळ पोचली. जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचं काम त्याने ठप्प केलं. या वर्मचा प्रवेश कुठून झाला? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! ज्यांनी इमानेइतबारे अपडेट घेतलं त्यांच्याच घरात चोर शिरला. आणि आत शिरल्यावर तो मेमरीतले पासवर्ड चोरून पॅच लावलेल्या मशीनवरही उड्या मारत गेला. म्हणजे पॅच लावणं ही अर्धीच गोष्ट. कोणत्या मशीनने कोणाशी बोलायचं हे ठरवणं, ही उरलेली अर्धी. आणि हे अर्धं आपल्या हातात आहे, त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या दारात उभं राहावं लागत नाही.

आता माझ्या खऱ्या रागाकडे येतो. विंडोज १० च्या २०१७ च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून एसएमबीची ही पहिली आवृत्ती नव्या इन्स्टॉलेशनमध्ये घातली जाणं बंद झालं. मायक्रोसॉफ्टमध्ये या भागाचे प्रमुख असलेले नेड पाइल २०१६ पासूनच 'ती वापरू नका' म्हणून कानीकपाळी ओरडत होते. त्यामुळे होतं काय, नवीन लॅपटॉपला जुनी एक्सपी दिसेनाशी होते. मग कोणीतरी जाणकार येतो, कंट्रोल पॅनेलमध्ये जातो, एका चौकटीत टिक मारतो, रीस्टार्ट... आणि "बघा, झालं चालू!" चहा पिऊन जाणकार निघून जातो.

त्याने काय केलं? म्हाताऱ्याला नवी भाषा येत नाही म्हणून घरातल्या धडधाकट माणसालाही जुनी बोलायला लावली. आता दोन कॉम्प्युटर कच्चे. ऑफिसात दहा लॅपटॉपवर ही टिक मारली तर दहा कच्चे, आणि त्यातला एक रोज संध्याकाळी कोणाच्या तरी घरच्या वायफायवर जातो. जुन्या मशीनसाठी नवी मशीन दुबळी करणं हा उपाय नव्हे. उधारी आहे, आणि ती फेडणार दुसराच कोणीतरी.

काही हौशी मंडळी एक्सपीवर चालणारे नवे ब्राउझर बनवतात. फायरफॉक्सची एक्सपीवर चालणारी शेवटची अधिकृत आवृत्ती २०१८ मध्ये संपली, त्यानंतर सुपरमियमसारखे प्रकल्प आले. एक्सपीच्या पोटातला सुरक्षित जोडणीचा भाग टीएलएस १.० च्या पुढे जात नाही, म्हणून हे ब्राउझर स्वतःची शिदोरी घेऊन येतात. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. ही परंपराही जुनी आहे. विंडोज ३.१ मध्ये टीसीपी/आयपी नव्हतंच. टास्मानियातल्या पीटर टॅटम यांनी लिहिलेल्या ट्रंपेट विनसॉकमुळे १९९४ च्या आसपास असंख्य लोक इंटरनेटवर गेले, आणि बहुतेकांनी त्यांना शेअरवेअरचे पैसे दिलेच नाहीत! पण एक फरक ध्यानात घ्या. नवा ब्राउझर म्हणजे नवी खिडकी. पाया, भिंती आणि पोर्ट ४४५ वर बसलेला तो कान, हे सगळं २००१ चंच राहतं. त्यावरून बँकेचे व्यवहार करायचे असतील तर माझा हात जोडून नमस्कार.

मग करायचं काय? फाइल नेण्याची गरजच नसेल तर वायर काढा. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत पक्का उपाय.

रोज फायली न्याव्याच लागत असतील तर मध्ये एक दुभाषी बसवा. एक छोटा लिनक्स कॉम्प्युटर, त्याला नेटवर्कची दोन तोंडं. एका तोंडाला फक्त एक्सपी, तिच्यासाठी सांबा जुन्या भाषेत चालू. दुसऱ्या तोंडाला ऑफिसचं नेटवर्क, तिथे एसएफटीपी. इकडचे पॅकेट तिकडे जाऊ द्यायचे नाहीत, फक्त फाइल ठेवायची आणि उचलायची. फाइल एक्सपीने स्वतः येऊन न्यावी, तिच्यात कोणी शिरायचं नाही. म्हणजे एक्सपीवरचं शेअरिंग बंद आणि फायरवॉल बिनअपवाद चालू ठेवता येतो. लाखांच्या मशीनपुढे या डब्याची किंमत चिल्लर आहे, आणि त्यावरचं लिनक्स अपडेट करत राहिलात की झालं.

पण सगळा भार वापरणाऱ्यावर टाकणंही बरोबर नाही. वीस वर्षं चालणारं मशीन विकणारा त्यात दहा-बारा वर्षांत निवृत्त होणारी सिस्टीम घालतो आणि नंतर हात झटकतो. एटीएमचं उदाहरण घ्या. बँकांची एटीएमं सपोर्ट संपून चार वर्षं झाली तरी एक्सपीवर चालत होती. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने टप्पे ठरवून दिले आणि जून २०१९ पर्यंत सगळी एटीएमं सपोर्ट असलेल्या सिस्टीमवर आणायला सांगितलं. तारीख देणारा कोणीतरी लागतो. छोट्या वर्कशॉपला आणि पॅथॉलॉजी लॅबला रिझर्व्ह बँक नसते. त्यांनी मशीन घेतानाच विचारायला हवं: यातली सिस्टीम किती वर्षं अपडेट होणार, आणि नंतर कोण करणार? उत्तर लेखी घ्या.

आणि हे फक्त एक्सपीपुरतं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. वाढीव सुरक्षा अपडेटची मर्यादित मुदतीची सोय कंपनीने ठेवली, पण ती मागून घ्यावी लागते, आपोआप येत नाही. हार्डवेअरच्या अटींमुळे विंडोज ११ न चालणारे कितीतरी चांगले कॉम्प्युटर घराघरांत आहेत. ते भंगारात घालू नका. लिनक्स टाका, नाहीतर नेटपासून तोडून वापरा. पण 'चालतंय ना' म्हणून तसेच नेटवर ठेवू नका.

हा लेख वाचणारे तुम्ही बहुतेक जण आयटीतले, किंवा घरात 'याला कॉम्प्युटरमधलं कळतं' म्हणून ओळखले जाणारे. काकांच्या वर्कशॉपमधून, फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन तुम्हालाच येणार: "अरे, जुना कॉम्प्युटर नव्यावर दिसत नाहीये, जरा बघतोस का?" त्या वेळी ती चौकट समोर येईल. टिक मारायला दहा सेकंद लागतात, दुभाषी बसवायला एक शनिवार.

शनिवार द्या.