दुपट्टा सोड ना यार!

दिवाळीची सुट्टी संपवून कॉलेजला परतलो तेव्हा गेटबाहेरच्या वडापावच्या गाडीखाली पाच पिल्लं होती. पालघर स्टेशनवरून चालत येणारा प्रत्येक जण तिथे दोन मिनिटं थांबायचाच. कुणीतरी बोट पुढे करायचं, पिल्लू ते तोंडात धरायचं, बाजूचा मोबाइल काढायचा. त्यातलं एक तपकिरी पिल्लू तर जीन्सच्या पायाला लटकून फरफटत यायचं. त्या रीलला जेवढे लाइक्स मिळाले तेवढे आमच्या फ्रेशर्स पार्टीच्या व्हिडिओलाही मिळाले नव्हते. शूट मीच केलं होतं, म्हणून हे लिहिणंही माझ्याच वाट्याला आलंय.

जानेवारीत ते पिल्लू गुडघ्याएवढं झालं होतं. ट्रेन गाठायला धावणाऱ्या एफवायच्या एका मुलीचा दुपट्टा त्याने पकडला. तिला वाटलं कुत्रा अंगावर आला, तिने दुपट्टा ओढला. त्याला वाटलं खेळ सुरू झाला, त्यानेही ओढला. ती पडली, गुडघा फुटला, सोडवताना मनगटावर दाताचा ओरखडा उठला. संध्याकाळपर्यंत ‘चावरा कुत्रा, सावधान’ म्हणून त्याचा फोटो ग्रुपवर फिरत होता आणि दुसऱ्या दिवशी त्याला हलवण्याच्या अर्जावर सह्या सुरू झाल्या. सह्या करणाऱ्यांत रील लाइक केलेले बरेच जण होते.

त्या मुलीची यात काहीच चूक नाही. तिने कधी त्याला हातही लावला नव्हता. पण कपडा ओढला की माणसं हसतात, हे त्या पिल्लाला दोन महिने रोज शिकवलं कुणी? आम्हीच ना?

आणि ही वेळ तर अशी चुका करायची नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, बस स्टँड, रेल्वे स्टेशनं अशा ठिकाणांहून भटकी कुत्री हलवा, नसबंदी आणि लसीकरण करून शेल्टरमध्ये ठेवा आणि पुन्हा त्याच जागी सोडू नका, असा आदेश दिला. त्या आदेशाच्या बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघंही आमच्या कॅन्टीनमध्ये एकाच टेबलावर भांडतात. ते भांडण चालू दे. पण गेटवरच्या कुत्र्यांवर आपलं प्रेम आहे असं म्हणणाऱ्यांनी निदान त्यांना चावरं ठरवणारा खेळ तरी त्यांच्याशी खेळू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

पिल्लू तोंडात धरतं कारण त्याला हात नाहीत. आपण वस्तू उचलून बघतो, ते चावून बघतं. जोर किती लावायचा हे ते शिकतं आईकडून आणि भावंडांकडून, साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. असं शंभरदा झालं की दात हलके होतात. म्हणूनच २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार ब्रीडरला आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. रस्त्यावरच्या पिल्लांना मात्र असा नियम कोण लावणार? डोळे उघडलेले दिसले की कुणीतरी ‘किती गोड’ म्हणून बॅगेत घालून घरी नेतं. त्यानंतर दातांचं प्रकरण. दुधाचे २८ दात चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ येतात. त्या काळात हिरड्या इतक्या शिवशिवतात की चपला, खुर्चीचा पाय, तुमची कोपरं, सगळं सारखंच.

हे मला पुस्तकातून नाही, खारीमुळे कळलं. खारी म्हणजे आमच्या बोईसरच्या घरातली कुत्री. रंग अगदी बेकरीतल्या खारीचा. आई ट्रकखाली गेली म्हणून जेमतेम पाच आठवड्यांची असताना घरी आणावी लागली. बाबा एमआयडीसीत शिफ्टला जातात, त्यांचे हॅन्डग्लोव्हज दारामागच्या खुंटीला असतात. दात लागू नयेत म्हणून माझा भाऊ ते घालून तिच्याशी कुस्ती खेळायचा. आयडिया भारी वाटली होती. तिने काय शिकावं? माणसाचा हात कितीही जोरात चावला तरी चालतो. एक दिवस ग्लोव्हज न घालता त्याने हात पुढे केला आणि मग जो काही आरडाओरडा झाला! शिवाय कंपनीतल्या ग्लोव्हजना काय काय लागलेलं असतं, हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं. तारापूर-बोईसर पट्ट्यात रस्त्याकडेला पडलेले ग्लोव्हज चघळणारी पिल्लं तुम्हीही पाहिली असतील. तेवढे उचलून कचऱ्यात टाका, प्लीज.

मग आम्ही पद्धत बदलली. खेळायला बसताना हाताच्या आधी जाड सुती दोरी पुढे. ओलं फडकं गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवलेलं, ते हिरड्यांसाठी. जुने सॉक्स नाहीत, कारण जुना सॉक्स आणि नवा सॉक्स यातला फरक तिला कोण समजावणार? कातडीला दात लागला की खेळ बंद: उठायचं, दार लावून पलीकडे जायचं, अर्ध्या मिनिटाने परत यायचं. ओरडायचं नाही, बघायचंही नाही. ‘आई गं’ असं केकाटल्यावर काही पिल्लं थांबतात म्हणे, आमची दुप्पट चेकाळायची, म्हणून ते सोडलं. कपडा पकडला की ओढायचा नाही, खांबासारखं उभं राहायचं. कपडा हलला नाही की त्यात मजा उरत नाही. तिने सोडला की दोरी पुढे, शाब्बास आणि चपातीचा तुकडा.

सगळ्यात मोठं आश्चर्य झोपेचं होतं. एवढ्या लहान पिल्लाला दिवसाला अठरा-वीस तास झोप लागते. खारी रोज रात्री आठला पिसाळल्यासारखी सगळ्यांचे पाय पकडायची. तेव्हा सीरियल चालू, सगळे घरी, प्रत्येकाला ती मांडीवर हवी. म्हणजे ती वात्रटपणा करत नव्हती, पेंगुळली होती. सातला तिला आतल्या खोलीत अंधारात झोपवायला लागलो आणि आठचा तमाशा आठवड्यात निम्मा झाला.

नाकावर चापट मारा, जबडा दाबून धरा, घशात बोट घाला, असे सल्ले बिल्डिंगमध्ये प्रत्येक मजल्यावर मिळतात. आम्ही एकदा चापट मारून पाहिली. त्यानंतर दोन दिवस कुणी हात उचलला की ती अंग चोरायची. हाताला घाबरणारा कुत्रा उद्या त्याच हाताला खरंखुरं चावतो. गुरगुरल्याबद्दल मारलं तर तो गुरगुरणं सोडतो आणि सूचना न देता चावतो. हे कुणाला हवंय?

खरा अडथळा खारी नव्हती, आजी होती. आम्ही चौघं खांब होऊन उभे आणि आजी पदर सोडवत हसतेय, ‘लहान आहे गं ती!’ घरात पाचपैकी एकाने जरी खेळ चालू ठेवला तरी पिल्लू लॉटरी लागल्यासारखं प्रयत्न करत राहतं. शेवटी आजीच्या पदराचे आणि खारीच्या दाताचे संबंध आजीला एकदा नवी साडी फाटल्यावरच पटले.

कॅम्पसवर तर असे पाच नाही, पाचशे लोक असतात. तिथे दार लावून पलीकडे जाता येत नाही, म्हणून नियम आणखी साधा हवा: बोट नको, बॅगेचा बंद नको, ओढाओढी नको. खायला घालायचं तर गर्दीची वेळ टाळून, गेटपासून लांब, एकाच जागी, खाली ठेवून. हातातून घास देऊन उड्या मारायला शिकवलेलं पिल्लू मोठं झालं की डबा घेऊन जाणाऱ्या प्रत्येकावर उड्या मारतं. लाइक्ससाठी वेळ आहे तर तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस आणि पुढे नसबंदी, यासाठीही वर्गणी काढायला वेळ मिळेल.

आणि ‘पिल्लूच तर आहे’ हे वाक्य डोक्यातून काढा. रेबीज पिल्लालाही होतो. लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. दात लागून ओरखडा जरी उठला, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची. पूर्ण पंधरा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. तसंच उठून सरकारी रुग्णालय गाठायचं, लस तिथे मोफत मिळते. घरचं पिल्लू असेल आणि त्याची लस झालेली नसेल, तरी हेच.

अर्ज अजून ऑफिसात आहे. तपकिरी पिल्लू अजून गेटवर आहे आणि आता आमच्यातले तिघं-चौघं त्याच्यासमोर खांब होऊन उभे राहतात, लोक बघून हसतात. रील मी डिलीट केली. त्या मुलीने त्याच संध्याकाळी लस सुरू केली होती, शेवटचा, अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस पुढच्या मंगळवारी आहे. तिच्यासोबत मी जाणार आहे.