छळणारा, सोसणारा आणि पाहणारा

शाळेतून मूल घरी आले की बहुतेक घरांत दोन प्रश्न ठरलेले असतात: डबा संपवलास का, आणि गृहपाठ काय दिला आहे? आज वर्गात कोणाला रडवले का, हे सहसा कोणी विचारत नाही. मुलांनी एकमेकांना चिडवणे हा वाढत्या वयातला खेळच मानला जातो, आणि मुलाने तक्रार केलीच तर 'दुर्लक्ष कर' एवढ्या दोन शब्दांत तिचा निकाल लागतो. हा समज किती महाग पडू शकतो, हे नॉर्वे या देशाने चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी अनुभवले.

१९८२च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागातील तीन मुलांनी आपले जीवन संपवले. त्यांची वये दहा ते चौदा वर्षांच्या दरम्यान होती. सवंगड्यांकडून झालेला तीव्र छळ हे त्यामागचे संभाव्य कारण असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि सारा देश अस्वस्थ झाला. पुढच्याच वर्षी तेथील शिक्षण मंत्रालयाने देशव्यापी मोहीम हाती घेतली. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी बर्गन शहरातील ४२ शाळांमधील सुमारे २,५०० मुलांचा या काळात अभ्यास केला. मोहीम सुरू झाल्यानंतर दोन वर्षांच्या आत त्या शाळांतील छळाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरले. ज्याला सारे जण अटळ मानत होते, ते मोठ्यांनी मनावर घेताच कमी होऊ शकले.

थट्टा आणि छळ यांतील भेद ओल्वेउस यांनी तीन खुणांनी स्पष्ट केला. त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते. दोन तुल्यबळ मित्र मैदानावर भांडले व संध्याकाळी पुन्हा एकत्र खेळले, तर तो छळ नव्हे. परंतु एकाच मुलाच्या तोतरेपणावरून, रंगावरून किंवा जाड भिंगाच्या चष्म्यावरून रोज पाच-सहा जण हसत असतील, तर त्याला थट्टा म्हणता येत नाही. सहलीत सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या मुलाला यासाठी लक्ष्य केले जाते. तसेच शेजारच्या मुलाच्या डब्यात अंडे दिसताच नाक दाबून बाक बदलणारी मुलेही असतात, आणि ती आपल्या घरांतलीही असू शकतात, हे विसरून चालत नाही.

या विषयात पालकांचे लक्ष स्वाभाविकपणे दोनच मुलांकडे जाते. छळणारा कोण आणि सोसणारा कोण, एवढेच पाहिले जाते. प्रत्यक्षात त्या प्रसंगी वर्गातील इतर मुलेही तिथे असतात. कॅनडातील संशोधकांनी शाळांच्या मैदानांवर ध्वनिचित्रण करून निरीक्षण केले व त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. छळाच्या शंभरांपैकी ८८ प्रसंगांत इतर मुले जवळ उभी होती. त्यांपैकी कोणी मध्ये पडले, असे शंभरांत केवळ १९ वेळा घडले. मात्र ज्या ज्या वेळी कोणी मध्ये पडले, त्यांतील निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला.

फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी याच पाहणाऱ्या मुलांवर काम केले. कोणी छळणाऱ्याला साथ देतो, कोणी हसून त्याला चेव आणतो, कोणी नजर वळवून निघून जातो, तर एखादा सोसणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो. छळणाऱ्याला वर्गात मानाचे स्थान हवे असते, आणि ते त्याला प्रेक्षकांकडून मिळते. या विचारावर आधारलेला 'किवा' नावाचा उपक्रम २००९ पासून फिनलंडच्या शाळांत देशभर राबवला गेला. त्यात त्रास सोसणाऱ्या मुलाला आधार देण्यासाठी शिक्षक त्याच वर्गातील दोन-चार समंजस मुलांशी बोलतात.

जैन घरांतील मुलांच्या कानांवर कृत, कारित आणि अनुमोदित हे शब्द लहानपणापासून पडत असतात. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि दुसऱ्याने केलेल्याला संमती दिलेली, अशी तिन्ही प्रकारची हिंसा हिंसाच होय, हे त्यांना पाठ असते. वर्गाच्या मोबाइल गटावर एखाद्याचे विद्रूप केलेले छायाचित्र आले आणि त्याखाली हसरे चिन्ह टाकले, तर ते अनुमोदनच ठरते, एवढे मात्र कोणी त्यांना समजावून सांगत नाही.

उलट, व्यापारी घरांत मुलाला नकळत वेगळाच धडा मिळतो. दुकानदाराला सगळी गिऱ्हाइके सारखी. म्हणून कोणाच्या अध्यात ना मध्यात, ही रीत गल्ल्यावर शहाणपणाची असते. तीच वर्गात नेली की मूल मुकाट्याने पाहत राहायला शिकते. त्याने भांडणात उडी घ्यावी, असे कोणी म्हणणार नाही. पण हसू नये, आलेले चित्र पुढे पाठवू नये, नंतर त्या मुलाशेजारी जाऊन बसावे आणि शिक्षकांच्या कानावर घालावे, एवढे कोणत्याही मुलाला जमण्यासारखे आहे. कोणाला शिक्षा व्हावी म्हणून केली जाते ती चुगली, आणि कोणाची सुटका व्हावी म्हणून जे सांगितले जाते ते साहाय्य, हा फरक त्याला घरातूनच कळायला हवा.

आपलेच मूल सोसत असेल, तर त्याच्या खुणा दिसतात. सकाळी पोट दुखते, वस्तू हरवतात, वाढदिवसाला कोणाचे बोलावणे येत नाही. अशा वेळी 'तू काय केले होतेस?' हा प्रश्न आधी विचारू नये. शांतपणे ऐकावे, आणि रोजमेळात नोंद करावी तसे तारीखवार लिहून ठेवावे. गटावर आलेले संदेश पुसून न टाकता जपून ठेवावेत. मग ती नोंद घेऊन वर्गशिक्षकांना भेटावे. दुसऱ्या मुलाचे वडील त्याच बाजारपेठेतील असतील, तर 'संबंध बिघडतील' म्हणून प्रकरण परस्पर मिटवण्याचा मोह होतो. दोन्ही मुलांना समोरासमोर उभे करून हात मिळवायला लावले जाते, आणि जे मूल आधीच भ्यालेले आहे, त्याच्यावर आणखी दडपण येते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ मध्येच आपल्या शाळांना अशा छळाविरुद्ध समिती नेमण्यास सांगितले आहे. आपल्या शाळेत ती आहे का आणि तिच्यात कोण आहे, हे पालकसभेत विचारता येते. मूल फारच खचले असेल, तर विलंब न लावता समुपदेशकाकडे न्यावे. १०९८ हा मुलांसाठीचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक अहोरात्र सुरू असतो.

सर्वांत कठीण प्रसंग मात्र वेगळाच असतो. आपलेच मूल छळणारे आहे, असे शाळेतून कळते. तेव्हा 'आमचा मुलगा असा नाही' हे वाक्य सहज ओठांवर येते. ते थोडा वेळ आवरावे. झालेले नुकसान मुलाने भरून द्यावे, पण मारहाणीने त्याला सुधारू पाहू नये, कारण बलवानाने दुर्बळाला मारायचे असते, हेच त्यातून तो पुन्हा शिकतो. आणि एक गोष्ट वडिलधाऱ्यांनी स्वतःपाशी तपासावी. सुट्टीत मूल दुकानात बसते, तेव्हा मालाचा गठ्ठा उचलणाऱ्या नोकराला कोणत्या नावाने हाक मारली जाते, चुकलेल्या हिशेबावरून त्याचा चारचौघांत कसा पाणउतारा होतो, आणि त्या वेळी शेजारी उभे असलेले सारे हसतात की गप्प राहतात, हे ते मूल नीट पाहत असते.