आधी गोंडघर फाट्याचे बोला

दहशतवादी हल्ला झाला की सरकारला प्रश्न विचारू नयेत, विचारणारा शत्रूच्या पदरात दान टाकतो, असे मत नुकतेच पेणच्या एका व्याख्यानात ऐकले. वक्त्यांचे नाव घेत नाही. माझे भांडण त्यांच्या मताशी आहे, आणि ते मत आता त्यांच्या एकट्याचे राहिलेले नाही. पेणजवळच्या आमच्या जितेला दिवा-रोहा गाडीत चढलो की पनवेल येईपर्यंत ते दोनदा तरी कानावर पडते, आणि बोलणारी माणसे चांगली शिकलेली, नोकरदार असतात.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. देशावर घाला पडला की सगळ्यांनी एका सुरात बोलावे. सुरक्षेत चूक कोणाची झाली हे विचारणे म्हणजे सैन्याचे खच्चीकरण. हल्ल्यामागची कारणे शोधणे म्हणजे हल्लेखोरांची वकिली. देशप्रेम मनात असून भागत नाही, ते घोषणेतून, झेंड्यातून, मोबाइलच्या स्टेटसमधून दिसले पाहिजे. आणि ज्यांच्याविषयी शंका आहे त्यांनी ते जास्त जोरात दाखवले पाहिजे. ज्यांच्याविषयी म्हणजे कोणाविषयी, हे त्यांनी सांगितले नाही. समोर बसलेल्या प्रत्येकाला ते कळले आणि टाळ्या पडल्या.

रायगडच्या माणसाने या मताला टाळी द्यावी याचा मला संताप येतो. दुसऱ्या एखाद्या जिल्ह्याला विसर पडला तर समजू शकतो. आपल्याला विसरण्याचा हक्क नाही.

१२ मार्च १९९३ रोजी दुपारी मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले. २५७ माणसे गेली. ते आरडीएक्स आपल्या किनाऱ्यावर उतरले होते. श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला ३ फेब्रुवारीला एक खेप आली, ७ फेब्रुवारीला दुसरी. कट सीमेपलीकडे शिजला, पैसा आणि माणसे तिकडून हलली, हे सगळे खरे आहे आणि त्याबद्दल वक्त्यांचा आणि माझा वाद नाही. वाद पुढचा आहे. शेखाडीच्या जवळजवळ महिनाभर आधी, ९ जानेवारीला, दिघीला एक खेप उतरली होती. ती घेऊन निघालेले ट्रक गोंडघर फाट्यावर श्रीवर्धनच्या पोलिसांनी अडवले. होय, अडवले. नाका होता, नाक्यावर माणसे होती, अंगावर वर्दी होती आणि ट्रक त्यांच्यासमोर उभे होते. मग बोलणी झाली. ठरलेली रोकड जवळ नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण म्हणून दिल्या गेल्या, आणि ट्रक सुटले.

तस्कराला नाक्याचा भाव कळला की त्याला दुसऱ्या खेपेची भीती उरत नाही. गोंडघरला जानेवारीत ट्रक सुटले नसते तर फेब्रुवारीत शेखाडीला उतरण्याची हिंमत झाली असती का, हा प्रश्न मी गेली कित्येक वर्षे स्वतःला आणि भेटेल त्याला विचारतो आहे. शस्त्रे उतरण्याची शक्यता असल्याचा इशारा सीमाशुल्क खात्यात आधीच फिरला होता. तरी माल उतरला, किनाऱ्यावरून आत गेला, गाड्यांतून मुंबईला पोचला. श्रीवर्धनहून मुंबईला जायचा नेहमीचा रस्ता माणगाव, नागोठणे, पेण असाच आहे. जिते त्याच रस्त्याला लागून आहे. पुढे टाडा न्यायालयाने शंभर जणांना दोषी ठरवले. त्यांत बाँब ठेवणारे होते, माल उतरवणारे होते, आणि आपले पोलीस व सीमाशुल्क खात्याचे अधिकारीही होते. २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपिलांचा निकाल देताना पोलीस, सीमाशुल्क आणि तटरक्षक या यंत्रणांवर कडक ताशेरे ओढले.

आता मला वक्त्यांनी सांगावे. मार्च १९९३ मध्ये सगळ्यांनी एका सुरात बोलायचे ठरवले असते, सुरक्षेत चूक कोणाची हे विचारणे पाप मानले असते, तर गोंडघर फाटा कोणाला कळला असता? तपास हा प्रश्नांचाच असतो. माल कुठून आला, कोणी उतरवला, वाटेत कोणी अडवला, अडवला तर सोडला का? यातला शेवटचा प्रश्न विचारणारा अधिकारी देशद्रोही ठरला असता तर लाच घेणारे आज सन्मानाने पेन्शन घेत असते, आणि पंधरा ऑगस्टला झेंड्याला सलामीही देत असते. त्या पोलिसांना घोषणा येत नव्हत्या असे थोडेच आहे? शाळेत त्यांनीही प्रतिज्ञा म्हटली असेल. घोषणा त्यांच्याकडे भरपूर होत्या. कमी पडला तो रात्रीच्या वेळी, कोणी बघत नसताना, चांदीला नाही म्हणण्याचा कणखरपणा. हल्ल्यानंतर देशप्रेम मोजायचेच असेल तर ते तिथून मोजा.

सैन्याचे खच्चीकरण होते म्हणे. सैन्याला प्रश्न विचारतो कोण? प्रश्न विचारले जातात ते खुर्चीवर बसलेल्यांना, आणि हे व्याख्यानात सोयीने विसरले जाते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रातूनच दहा जण आले. कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत ते उतरले तेव्हा तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकले होते. त्या हल्ल्यात १६६ जणांचे बळी गेले. देशाच्या आणि राज्याच्या गृहमंत्र्यांना जावे लागले, मुख्यमंत्र्यांनाही जावे लागले. लोकांनी प्रश्न विचारले म्हणूनच गेले. राम प्रधान यांची समिती नेमली गेली तीही त्यामुळेच. आणि सगळ्यांत बोचरे प्रश्न कोणी विचारले? हेमंत करकरे यांच्या पत्नी कविताताईंनी. नवऱ्याने घातलेल्या बुलेटप्रूफ जाकिटाचे काय झाले, ते कसल्या दर्जाचे होते, हे त्यांनी माहितीच्या अधिकारात विचारले, तेव्हा खरेदीची फाइलच सापडेना. अशोक कामटे यांच्या पत्नी विनीताताईंनी त्या रात्रीच्या नियंत्रण कक्षाच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मिळवल्या, ओळ न् ओळ वाचली आणि २००९ साली पुस्तक लिहिले. व्याख्यात्यांनी विनीताताईंसमोर उभे राहून सांगावे की बाई, तुम्ही खच्चीकरण करता आहात. मला बघायचे आहे, जीभ वळते का.

पहलगामच्या वेळी तेच झाले. २२ एप्रिल २०२५ रोजी बैसरनच्या कुरणात २६ जण मारले गेले. त्यांत महाराष्ट्राचे सहा, एक आपल्या शेजारच्या पनवेलचे. कुरणात पर्यटक होते तर बंदोबस्त का नव्हता, असे विचारणाऱ्यांना दोन महिने शिव्या पडल्या. जुलैमध्ये जम्मू-काश्मीरच्या नायब राज्यपालांनी स्वतः सांगितले की ही सुरक्षेतली चूक होती आणि जबाबदारी आपली आहे. प्रश्न विचारणारे तर एप्रिलमध्ये हेच म्हणत होते! लग्नाला आठवडा झाला नव्हता आणि नवरा डोळ्यांसमोर मारला गेला, त्या मुलीने मुसलमानांवर आणि काश्मिरींवर राग काढू नका एवढे म्हटले, तर तिच्यावरही लोक तुटून पडले. तिच्यापेक्षा तुमचे देशप्रेम मोठे? कोणत्या तोंडाने म्हणता?

हे भांडण माझे जुने आहे. १९९९ साली कारगिलच्या लढाईत आमच्या भागात निधी गोळा झाला. पत्र्याचे डबे फिरले, बायकांनी साठवलेले पैसे टाकले, मुलांनी खाऊचे टाकले. काही महिन्यांनी मी विचारले, किती जमले आणि कुठे भरले? जवानांच्या नावाने जमलेल्या पैशाचा हिशेब मागायला लाज वाटत नाही का, असे उत्तर मिळाले. मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. जवानांच्या नावाने जमलेल्या पैशाचाच हिशेब सगळ्यांत आधी द्यायला हवा. तो मला अजून मिळालेला नाही, आणि तेव्हापासून देशाच्या नावाने कोणी मला गप्प करू लागला की मी आधी त्याच्या हातातल्या डब्याकडे बघतो.

कारणे शोधणे म्हणजे वकिली, हा मुद्दा तर एका जुन्या सरकारचा आहे. १९०८ साली मुझफ्फरपूरला बाँब पडला. लोकमान्यांनी ‘केसरी’त लिहिले की बाँब वाईटच, पण तो का पडला याचा विचार करा, दडपशाहीने हे थांबणार नाही. इंग्रज सरकारने याला राजद्रोह म्हटले आणि त्यांना सहा वर्षे मंडालेला पाठवले. ज्यांना ही व्याख्या पटते त्यांनी टिळकांच्या पुतळ्याला हार घालताना जरा विचार करावा. आपल्या, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे खासदार, रोह्याचे चिंतामणराव देशमुख, देशाचे अर्थमंत्री असताना १९५६ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. मुंबई महाराष्ट्राला मिळण्याच्या प्रश्नासोबत पोलीस गोळीबाराची न्यायालयीन चौकशी हाही त्यांचा आग्रह होता. रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर देशद्रोही होता काय?

राहिला तो ‘शंकेचा’ मुद्दा. त्याला एक प्रसंग पुरे. आमच्या जिते, हमरापूर, जोहे भागात गणपतीच्या मूर्ती होतात हे सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्यातच कच्च्या मूर्ती बाहेरगावी जाऊ लागतात. टेम्पोत खाली पेंढ्याचा जाड थर, मूर्तींच्या मध्ये पुन्हा पेंढा, हात आणि सोंड जिथे मोडते तिथे गोणपाटाची घडी, मग दोरी. ही दोरी घट्टही चालत नाही आणि सैलही चालत नाही. आमच्याकडे ती बांधावी तर एका पेणच्या मुसलमान टेम्पोवाल्यानेच, असे कारखानदार सांगतात. पहलगामनंतर मे महिन्यात त्याला रस्त्यात चार पोरांनी अडवले, खाली उतरवले आणि घोषणा द्यायला लावली. त्याने दिली. पोरांनी पुन्हा मोठ्याने द्यायला लावली. मग जाऊ दिले. गाडीत चाळीसेक गणपती होते. गोंडघरला आरडीएक्सवाल्यांची वाट मोकळी झाली ती चांदीने, आणि इथे गणपतीवाला अडवला गेला देशाच्या नावाने. त्या पोरांना मी दोष देणार नाही. त्यांना कुठला ट्रक अडवायचा हे कोणी शिकवलेच नाही. व्याख्याने देणाऱ्यांनी शिकवले ते हे.

मग देशप्रेम म्हणजे काय, असे मला उलट विचारले जाईल, आणि विचारावे. माझे उत्तर लहान आहे. ज्याच्या हाती जे काम आहे ते त्याने विकू नये, आणि दुसऱ्याने विकले तर गप्प बसू नये. साताऱ्याच्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे २६ नोव्हेंबरच्या त्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात काठी घेऊन उभे होते. बंदुकीची नळी त्यांनी धरली आणि मरेपर्यंत सोडली नाही, म्हणून त्या दहांतला एक जण जिवंत सापडला आणि कट कोणाचा हे जगापुढे सिद्ध झाले. बैसरनला सय्यद आदिल हुसेन शाह या घोडेवाल्याने पाहुण्यांसाठी जीव दिला. त्याच्याकडे कोणी आधी घोषणा मागितली नव्हती. कोळीवाड्यात हटकणारा कोळी, फाइल शोधायला लावणारी बायको, नाक्यावर विटा नाकारील तो पोलीस, ही माझी देशभक्तांची यादी आहे. झेंडा मीही लावतो, राष्ट्रगीताला उभा राहतो, सीमेवर जवान जिंकला की छाती फुगते. त्यात कसूर नाही. पण तेवढ्याने किनारा राखला जात नाही.

कारण किनारा अजून तोच आहे. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरला एक बेवारस बोट लागली, आत तीन एके-४७ रायफली. चौकशीत निघाले की इंजिन बिघडून ओमानच्या बाजूने वाहत आली होती, दहशतवादाचा संबंध नव्हता. सुटलो. पण बंदुका असलेली बोट अरबी समुद्र ओलांडून आपल्या वाळूला लागेपर्यंत कोणाला दिसली नाही, आणि दिसली ती गावकऱ्यांना, हे १९९३ आणि २००८ नंतरचे वास्तव आहे. त्यावर पेणच्या व्याख्यानात एक वाक्य आले नाही.

म्हणून पेण, रोहा, अलिबाग आणि मुंबईच्या सगळ्या गणेश मंडळांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी देखाव्यात विमाने, तोफा, जवान जरूर दाखवा. सोबत गोंडघर फाटाही दाखवा. रात्रीचा नाका, अडवलेले ट्रक, पोलिसाच्या हातात चांदीच्या विटा आणि खाली २५७ हा आकडा. त्यासाठी लागणारे पुतळे आमच्या जितेत करून मिळतील. खर्च परवडत नसेल तर मला कळवा, मी वर्गणी देतो. पावती मात्र द्यावी लागेल.